इस्तंबूलमध्ये एक रात्र: संध्याकाळ झोपेला द्या, पहाट शहराला

तुमचा प्रश्न नीट वाचला. मे महिन्यात भारतातून माद्रिदला जाताना इस्तंबूलला संध्याकाळी सातला उतरणार, पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, सोबत पासष्ट वर्षांची आई, दोन्ही विमानांचं तिकीट एकच, आणि दोघींच्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) आहे. रात्री ताक्सिम या गजबजलेल्या चौकाच्या भागात फिरून घ्यावं की विमानतळावरच बसून राहावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: दोन्ही नको. सरळ जुन्या शहरात सुल्तानअहमत भागात हॉटेल घ्या, पोहोचल्या पोहोचल्या झोपा आणि पहाटे पाचला बाहेर पडा.

कारण घड्याळात आहे. भारत तुर्कस्तानच्या अडीच तास पुढे आहे. तुम्ही सातला उतराल तेव्हा आईंच्या शरीराला साडेनऊ वाजलेले असतील. पासपोर्ट तपासणी आणि गावात जाण्याचा प्रवास धरला तर ताक्सिमला पोहोचेपर्यंत तिथले दहा, म्हणजे तुमचे साडेबारा. त्या वेळी इस्तिकलाल रस्त्यावर तुडुंब गर्दी असते आणि डोळे मिटत असतात. माझ्या पहिल्या खेपेला मी नेमकं हेच केलं. रात्री दोनपर्यंत पाय ओढत चाललो. त्या रात्रीतलं आज काय आठवतं म्हणाल तर दुकानांचे दिवे. उलट पहाटे साडेचारला तुमच्या शरीराचे सात वाजलेले असतात, गजर न लावता जाग येते. मेच्या मध्यावर तिथे पावणेसहाच्या आसपास सूर्य उगवतो आणि सव्वापाचलाच चांगलं दिसायला लागतं. दिवसा जिथे माणसांच्या पाठी बघत फिरावं लागतं, तो सुल्तानअहमतचा चौक तेव्हा जवळजवळ रिकामा असतो.

(हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी: हा बेत तेव्हा चालत नाही. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळं वर्षभर उन्हाळी वेळेवरच ठेवली आहेत, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय साडेआठच्या आसपास होतो. सकाळचं विमान असेल तर अंधारातच परतावं लागेल.)

आता व्हिसा. विमान बदलण्यापुरतं आतच थांबायचं असेल तर तुर्कस्तानचा व्हिसा लागत नाही, बाहेर पडायचं तर लागतो. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना ई-व्हिसा मिळतो, पण अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा हाताशी हवा. तुमच्याकडे तो आहे, फक्त तुर्कस्तानला उतरण्याच्या तारखेला तो सुरू झालेला आहे ना, हे पाहा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याच्यासारखी दिसणारी आणि जास्त पैसे उकळणारी बरीच संकेतस्थळं आहेत.

सामानाचं चेक-इनलाच स्पष्ट विचारा. एकच तिकीट असलं की बॅगा साधारणपणे थेट माद्रिदला जातात, तरी टॅगवर शेवटचं ठिकाण स्वतः वाचून घ्या. दोन्ही बोर्डिंग पास तिथेच मागा. हातातल्या पिशवीत आईंची औषधं, कपड्यांचा एक जोड आणि जॅकेट असू द्या, मेमध्येही पहाटे गारवा असतो. ड्यूटी फ्रीमधून बाटल्या येताना घेऊ नका. तुम्ही बाहेर पडून परत येणार, तेव्हा सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरची मर्यादा पुन्हा लागू होते.

विमानतळ शहराच्या वायव्येला काळ्या समुद्राजवळ आहे, जुन्या शहरापासून चाळीसेक किलोमीटर. मेट्रोची एम-११ मार्गिका जानेवारी २०२४ पासून गायरेत्तेपेपर्यंत जाते, पण तिथून गाडी बदलत बदलत सुल्तानअहमत गाठावं लागतं आणि भुयारातलं चालणं बरंच आहे. एकटं असाल तर जरूर मेट्रोने जा. आई सोबत असताना मी टॅक्सी करेन. मीटरनेच जा. एकदा माझ्या चालकाने बसल्यावर ठरावीक रक्कम सांगितली, मी तिथेच उतरलो आणि मागची टॅक्सी मीटरवर आली. विमानतळावर मोफत वायफाय तासभर मिळतं, त्यासाठी यंत्रावर पासपोर्ट स्कॅन करावा लागतो. म्हणून नकाशा आणि हॉटेलचा पत्ता घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा.

विमानतळाजवळचं हॉटेल घ्या असं पुष्कळजण सांगतील. झोप होईल, पण शहर दिसणार नाही. दारातून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत आयासोफिया (पूर्वीचं चर्च, आताची मशीद) समोर यावी, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर वडील होते. त्यांची सगळी हयात लेथवर गेलेली. चारच्या सुमारास अजान झाली, एका मशिदीतून सुरू झालेली दुसरीने उचलली, आणि आम्ही दोघंही उठून बसलो. पाचला चौकात होतो. एका बाजूला आयासोफिया, सन ५३७ मध्ये पुरी झालेली. समोर सहा मिनारांची सुल्तानअहमत मशीद, १६१६ ची. मध्ये आम्ही, झाडू मारणारे दोघं आणि मांजरं. दोन्ही इमारती आतून पाहता येणार नाहीत हे मनाशी आधीच ठरवून ठेवा. पर्यटकांना सोडायला सुरुवात होईपर्यंत तुम्ही विमानतळाच्या वाटेवर असाल.

पण शेजारचं हिप्पोड्रोम, म्हणजे रथांच्या शर्यतींचं जुनं मैदान, चोवीस तास उघडं असतं आणि त्याला तिकीट नाही. तिथे इजिप्तचा राजा थुतमोस तिसरा याचा ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांचा. सम्राट थिओडोसियसने तो सन ३९० मध्ये इथे बसवला. कडेच्या तिरप्या उजेडात त्याच्यावरची चित्रलिपी कालच कोरल्यासारखी स्पष्ट दिसते. वडील मात्र वर बघतच नव्हते. ते वाकून खाली बघत होते. स्तंभ चौथऱ्यावर थेट टेकलेला नाही. चार कोपऱ्यांना काशाचे चार ठोकळे आहेत, सगळा भार त्यांच्यावर, आणि मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. ‘लेव्हल कशी काढली असेल रे?’ एवढंच ते दोनदा म्हणाले. चौथऱ्याच्या खालच्या भागावर हाच स्तंभ उभा करण्याचं काम कोरलेलं आहे. लॅटिन लेखात या कामाला तीस दिवस लागले असं आहे, ग्रीक लेखात बत्तीस. शेजारीच एका खड्ड्यात एकमेकांत गुंफलेल्या तीन सापांचा काशाचा खांब आहे. ख्रिस्तपूर्व ४७९ मध्ये इराण्यांना हरवल्यावर ग्रीकांनी तो डेल्फीला अर्पण केला होता. सापांची डोकी आता नाहीत. तो खड्ड्यात का, तर जुन्या काळची जमीन तेवढी खाली होती. आम्ही तिथे पाऊण तास होतो.

सहाच्या सुमारास टी-१ ट्राम सुरू होते. तीन थांबे, एमिनोनू. आईंना चालत नेऊ नका, उतार दगडी आहे आणि गुडघ्यांना त्रास होतो. तिथून गलाता पुलावर जा. कठड्याला लागून गळ टाकून बसलेली माणसं एवढ्या सकाळीही असतात. गाड्यावरून सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, घ्या आणि कमरेत बारीक असलेल्या छोट्या पेल्यातला चहा. आईंना दूध हवं असेल तर ते मिळणार नाही, आधीच सांगून ठेवा.

हॉटेलवरून सामान घेऊन पावणेसातला टॅक्सीत बसलंच पाहिजे. वाटेत एक तास धरा. टर्मिनलच्या दारातच एक तपासणी होते, मग पासपोर्ट, मग दुसरी तपासणी, आणि गेटपर्यंतचं चालणं फार लांब आहे. आईंसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवून ठेवा, संकोच करू नका.

पहिलंच विमान तीन-चार तास उशिरा आलं तर बेत सोडून द्या. म्हणून हॉटेल विनाशुल्क रद्द करता येईल असंच घ्या. विमानतळातच योटेल आहे, त्याच्या काही खोल्या पासपोर्ट तपासणीच्या आत आणि काही बाहेर आहेत, त्यामुळे व्हिसा नसणाऱ्यांचीही सोय होते. टर्किश एअरलाइन्सचं तिकीट असेल तर लांब थांब्यासाठी काही अटींवर मोफत हॉटेल मिळतं, आणि सहा ते चोवीस तासांच्या थांब्यासाठी मोफत शहरदर्शनही असतं. अटी तिकिटाच्या प्रकारावर ठरतात, त्यांच्याकडून लेखी उत्तर मागवा.

परतीलाही इस्तंबूलमार्गेच येत असाल तर तेव्हा उलट करा. माद्रिद इस्तंबूलच्या एक तास मागे आहे, तिथे राहून शरीर त्या वेळेला सरावलेलं असेल, आणि रात्री अकरालाही झोप येणार नाही. ती रात्र ताक्सिमची. १३४८ चा गलाता मनोरा दिव्यांत पाहा आणि जमलं तर एमिनोनूहून उस्कुदारची बोट घ्या. वीसेक मिनिटांत तुम्ही युरोपातून आशियात उतरता. फक्त परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावरच्या फलकावर आधी वाचा, मगच चढा.