अठरावा वाढदिवस आणि लहानपणीचं डेबिट कार्ड

तुमच्या मुलीला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील आणि त्याच सुमारास ती हॉस्टेलला जाईल. तिला कोणतं कार्ड द्यावं आणि तुमच्या क्रेडिट कार्डावर ॲड-ऑन (म्हणजे तुमच्याच खात्याला जोडलेलं तिच्या नावाचं जादा कार्ड) काढलं तर तिचा सिबिल स्कोअर (कर्ज वेळेवर फेडण्याच्या इतिहासावरून मिळणारे गुण) आत्तापासून तयार होईल का, असं तुम्ही विचारलंय. त्यावर लिहितेच. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय, "काहीच नाही तर लहानपणी उघडलेल्या खात्याचं डेबिट कार्ड आहेच." ते वाचून राहवलं नाही. त्या कार्डाच्या भरवशावर तिला पाठवू नका.

आमच्या मुलाचं खातं असंच होतं, मी पालक म्हणून उघडलेलं. कार्ड कित्येक वर्षं सुरळीत चाललं. तो अठरा वर्षांचा झाला आणि नेमकं हॉस्टेलचं डिपॉझिट भरताना व्यवहार नाकारला गेला. शिल्लक कमी पडली असेल म्हणून त्याच्या वडिलांनी खात्यात आणखी पैसे पाठवले. ते लगेच जमा झाले, पण काढायला गेलं तर एक रुपया निघेना. मेसेज नाही, पत्र नाही, फोन नाही.

कारण तसं साधं आहे. मूल सज्ञान झालं की खातं चालवायचा पालकाचा अधिकार संपतो, आणि मुलाची स्वतःची सही आणि केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) नोंदवून होईपर्यंत त्यालाही व्यवहार करता येत नाही. हा नियम मला पटतो. पैसे त्याचे आहेत, ते कुणी चालवायचे हे त्यानंच सांगायला हवं. संताप आहे तो आमच्या शाखेचा. कॉलेजजवळच्या शाखेत गेलो तर म्हणाले, मूळ शाखेत जा. मूळ शाखेत म्हणाले, मुलाला समोर आणा. कॉलेज बुडवून तो आला तर म्हणाले, पॅन कार्डावर फोटो नाही, हे चालणार नाही. अज्ञान (म्हणजे अठराखालच्या) मुलाच्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसतेच, अठरानंतर अर्ज करून ती घालून घ्यावी लागते. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? पॅन झालं तेव्हा आधारवर बोटांचे ठसे जुळेनात. कोणती कागदपत्रं लागतील याची एक यादी, एका कागदावर, शेवटपर्यंत कुणी दिली नाही. प्रत्येक वेळी खिडकीवर नवीन माणूस आणि नवीन अडचण. परगावी नुकत्याच गेलेल्या मुलाला मेसचे पैसे मित्राकडून उसने घ्यावे लागले. आजही आठवलं की त्रास होतो.

शेवटी मी लेखी अर्ज दिला, त्यात "काय बाकी आहे ते लेखी कळवावे" एवढंच मागितलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. मग मात्र काम हललं. बँकेकडे तक्रार केल्यावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण त्यासाठी हातात पोच हवी. तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही.

आमच्या वेळेनंतर रिझर्व्ह बँकेनं 21 एप्रिल 2025 ला अज्ञान मुलांच्या खात्यांबद्दल नवं परिपत्रक काढलं. मूल सज्ञान झाल्यावर नव्या सूचना आणि नमुना सही घ्यायची, खातं पालक चालवत असेल तर शिल्लक पक्की करून घ्यायची, आणि याची आगाऊ कल्पना खातेदाराला द्यायची, असं त्यात बँकांना सांगितलंय. तरी तुम्ही कुणी कळवेल म्हणून थांबू नका. आत्ताच शाखेत जाऊन यादी लेखी मागा. वयाच्या 15 व्या वर्षानंतर आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन पुन्हा द्यावं लागतं, ते राहिलं असेल तर याच महिन्यात उरका. पॅन आधीच काढलेलं असेल तर वाढदिवस झाल्या झाल्या दुरुस्तीचा अर्ज करा. काढलंच नसेल तर उलट सोपं: अठरानंतर आयकर खात्याच्या पोर्टलवर आधारवरून ई-पॅन लगेच आणि फुकट मिळतं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर जुन्या खात्याच्या मागे लागण्यापेक्षा अठरा झाल्यावर कॉलेजजवळच्या शाखेत तिच्या एकटीच्या नावानं नवं खातं उघडा. जुनं सावकाश बदलून घ्या. मी बँकेत काम करत नाही, प्रत्येक बँकेची पद्धत वेगळी असते, तेव्हा एकदा विचारून घ्या.

मधल्या काळासाठी यूपीआय सर्कल, म्हणजे तुमच्या यूपीआयवरून तिला पैसे देता येण्याची सोय, मला सगळ्यात बरं वाटतं. पैसे तुमच्याच खात्यातून जातात. प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी ठेवता येते, किंवा मर्यादा ठरवून मोकळीक देता येते. मोकळीक दिली तर एका वेळी 5,000 आणि महिन्याला 15,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. किशोरवयीन मुलांसाठीची प्रीपेड कार्डंही मिळतात, पण किमान माहितीवर दिलेल्या प्रीपेड कार्डात महिन्याला 10,000 रुपयांपर्यंतच भरता येतात आणि एटीएममधून रोख निघत नाही. दोन्हीतलं काहीही घेतलं तरी तिच्याजवळ थोडी रोख असू द्या.

आता ॲड-ऑन. स्कोअरसाठी काढणार असाल तर काढू नका. त्या कार्डाचा खर्च आणि देणं दोन्ही तुमच्या नावावर नोंदलं जातं, तिचा इतिहास त्यातून तयार होत नाही. तिच्या खर्चाचं बिल भरायला उशीर झाला तर स्कोअर मात्र तुमचा खाली येतो. शिवाय किमान वयाची अट बँकेगणिक बदलते. अठराच्या आत स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड मिळायचा प्रश्नच नाही, कारण 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. अठरानंतर तिच्या नावानं छोटी मुदत ठेव करून त्या ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्या, आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरायची सवय तिला स्वतःला लागू द्या. "किमान देय रक्कम" भरून भागतं असं तिला कुणी सांगितलं तर उरलेल्या रकमेवर व्याज किती चढतं ते तिच्यासमोर बसून मांडून दाखवा.

नवं कार्ड आलं की ऑनलाइन व्यवहार आपणहून सुरू करावे लागतात, नाहीतर कार्ड बिघडलं असं वाटतं. परदेशातले व्यवहार बंदच राहू द्या. कार्ड मशीनला नुसतं टॅप करून पिनशिवाय 5,000 रुपयांपर्यंत जातात, तेव्हा ती मर्यादा कमी करा किंवा टॅप बंद ठेवा. बँकेचा हेल्पलाइन नंबर आणि सायबर फसवणुकीसाठीचा 1930 तिच्या फोनमध्ये आत्ताच साठवा.

धाकट्याचंही तुम्ही विचारलंय. तो अकरा वर्षांचा आहे, म्हणजे दहा पूर्ण झालेल्यांना स्वतः चालवता येणारं खातं त्याला मिळू शकतं. स्टेट बँकेचं 'पहली उडान' तसं आहे, सही एकसारखी करता आली पाहिजे एवढी अट. पालकामार्फत उघडणार असाल तर आई पालक म्हणून चालते. हे त्या 2025 च्या परिपत्रकातही आहे आणि 1976 पासून चालत आलंय. तरी काही शाखा वडिलांची सही मागतात. मागितली तर कोणत्या नियमानं, ते लेखी द्यायला सांगा.