रॉकेट उभंच्या उभं कसं नेतात?

प्रश्न : नासाच्या आर्टेमिस या चांद्रमोहिमेचं रॉकेट मनोऱ्यासकट रस्त्यावरून जाताना मी व्हिडिओत पाहिलं. एवढी उंच वस्तू हलवण्यापेक्षा जिथून उडवायची तिथेच का जोडत नाहीत?
(नववीतली विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : बाळ, मी बत्तीस वर्षं अवजड माल हलवण्याच्या कामात होतो. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, साखर कारखान्यांचे पॅन. आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात ते हेच, की जे हलवल्यावाचून भागतं ते हलवू नये. त्यामुळे तुला जे खटकलं तेच मलाही पहिल्यांदा खटकलं होतं.

आधी खरंच तसंच करत. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलला सुरुवातीची रॉकेटं उड्डाणाच्या चौथऱ्यावरच जोडली जायची. चंद्रावर जाणारं सॅटर्न 5 मात्र 110 मीटर उंच. त्याच्या जोडणीला आणि तपासणीला महिने लागणार, आणि तोवर ते उघड्यावर उभं राहणार. किनारा कसला, तर विजांचा, खाऱ्या वाऱ्याचा आणि चक्रीवादळांचा. शिवाय एक रॉकेट चौथरा अडवून बसलं की दुसऱ्याची तयारी खोळंबते. म्हणून तिथल्या तळाचे प्रमुख कुर्ट डेबुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की 160 मीटर उंचीच्या इमारतीत, छपराखाली, एका हलत्या पोलादी चौथऱ्यावर रॉकेट उभं करायचं आणि चौथऱ्यासकट न्यायचं.

मनोरा बरोबर का जातो, हे त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं. इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा, हवेच्या वाहिन्या मनोऱ्यावरून रॉकेटला जोडलेल्या असतात. आत एकदा जोडून तपासल्या की त्या तशाच ठेवून सगळं बाहेर न्यायचं. मी यंत्रं सुटी करून नेली आहेत आणि पुन्हा जोडली आहेत. नेण्यात जेवढ्या चुका होत नाहीत, तेवढ्या पुन्हा जोडण्यात होतात. एकदा बरोबर बसलेला जोड उघडायचाच नाही, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आणि बाहेर नेता येतं तसं परतही आणता येतं. 1966 च्या जूनमध्ये अल्मा वादळ येत होतं, तेव्हा चाचणीचं सॅटर्न माघारी इमारतीत नेलं. 2022 च्या सप्टेंबरात इयन वादळामुळे आर्टेमिस 1 चं रॉकेटही तसंच आत घेतलं होतं. जागेवर जोडलेलं रॉकेट वादळाआधी कुठे नेणार?

प्रश्न : चढावर त्याचा तोल कसा सांभाळतात? आणि एवढ्या वजनाखाली बेअरिंग टिकतात कशी?
(साखर कारखान्यातले निवृत्त फिटर, बारामती तालुका)

उत्तर : दादा, दुखणं बेअरिंगमध्येच असणार हे तुम्ही नेमकं ओळखलंत. पण त्याआधी वाहन काय आहे ते सांगतो.

सुरुवातीला कालव्यातून तराफ्यावर नेण्याचा विचार होता, रुळांचाही होता. उंच वस्तू पाण्यावर नेणं धोक्याचं दिसलं. 1962 मध्ये लक्ष गेलं ते केंटकीतल्या उघड्या कोळसा खाणीकडे. तिथे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं एक प्रचंड यांत्रिक फावडं होतं. खालची जमीन वाकडीतिकडी असली तरी चार कोपऱ्यांच्या हायड्रॉलिक जॅकवर ते स्वतःला सपाट ठेवायचं. तीच युक्ती उचलली. ओहायो राज्यातल्या मॅरियन कंपनीने अशी दोन वाहनं बनवली, आणि साठ वर्षांनंतरही ती कामावर आहेत. त्यांना क्रॉलर म्हणतात.

क्रॉलर सुमारे 40 मीटर लांब, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक. नुसत्या वाहनाचं वजन 2,700 टनांच्या वर. चार कोपऱ्यांना चार ट्रक, म्हणजे पट्ट्यांचे गाडे, प्रत्येकाला दोन पट्टे, प्रत्येक पट्ट्यात 57 पाट्या. अशा 456 पाट्या, आणि एकेक पाटी 900 किलोहून जड. दोन डिझेल इंजिनं वीज तयार करतात आणि 16 मोटरी पट्टे फिरवतात. ही इंजिनं अल्को कंपनीच्या 251 मालिकेतली, म्हणजे आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 या डिझेल गाड्यांमध्ये होती त्याच घराण्यातली. पुण्या-मनमाडला तो धडधडाट तुम्ही ऐकला असेलच.

क्रॉलर रिकामा चौथऱ्याखाली शिरतो, जॅकवर त्याला उचलतो, नेतो, उड्डाणाच्या जागी खांबांवर टेकवतो आणि निघून जातो. माल घेऊन वेग ताशी दीड किलोमीटरच्या आसपास. 2022 च्या मार्चमध्ये आर्टेमिसला जेमतेम पावणेसात किलोमीटरला साडेदहा तास लागले.

आता चढ. शेवटी शंभराला पाच असा चढ आहे. पुढच्या आणि मागच्या ट्रकच्या मध्यांमध्ये 90 फूट. तुम्हीच हिशोब करा : मागची बाजू पुढच्यापेक्षा साडेचार फूट वर उचलावी लागते, तीही चालता चालता, थोडीथोडी. रॉकेट ओळंब्यापासून एका अंशाच्या सहाव्या भागापेक्षा जास्त कलू द्यायचं नाही. 110 मीटरवरच्या टोकाला तो फरक जेमतेम फूटभर.

तुम्ही विचारलेलं बेअरिंग 1965 च्या जुलैत फुटलं. क्रॉलरने मनोऱ्यासह चौथरा उचलून चाचणीसाठी थोडं अंतर नेला, आणि नंतर रस्त्यावर धातूचे तुकडे सापडले. पट्ट्यांवर भार घेणाऱ्या रोलर बेअरिंगांचे ते तुकडे होते. वरून येणारं वजन सगळ्यांनी मोजलं होतं, पण वळताना बाजूने येणारा रेटा कमी धरला गेला होता. उपाय काय केला असेल? रोलर काढले आणि कांस्याचे साधे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नुसत्या नळ्या, बसवले. घर्षण वाढलं, पण बुश टिकले. चरकाच्या रोलरखाली पितळी बुश बसवलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

त्याच काळात रस्त्याचाही धडा मिळाला. क्रॉलरचा रस्ता सुमारे सात फूट खोल, थरावर थर दाबून बांधलेला. वर डांबर नाही, अलाबामातून आणलेले नदीतले गुळगुळीत गोटे. सरळ भागात 4 इंच, वळणावर 8 इंच. पट्टे वळताना घासतात, तेव्हा गोटे थोडे सरकतात आणि तो बाजूचा रेटा सोसतात. शिवाय त्यांवर ठिणगी सहसा पडत नाही. रस्ता हा यंत्राचाच अर्धा भाग आहे असं मी मानतो, आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

1996 मध्ये आम्ही दीडशे टनांचा ट्रान्सफॉर्मर मराठवाड्यातल्या एका उपकेंद्राला नेत होतो. हायड्रॉलिक ट्रेलर नवा, जॅक नवे, अवजड माल हलवणारे खलाशी जुने आणि कसबी. माझ्या हातात पाण्याची नळी. तिची दोन टोकं ट्रेलरच्या दोन कडांना धरून पातळी बघायची, हे माझं काम. एका मोरीवर नळीतलं पाणी बघता बघता चार बोटं फरक दाखवू लागलं. मी ओरडलो, गाडी थांबली. ज्याने मोरी बांधली त्याने बाजूचा भराव दाबलाच नव्हता, आणि एका अंगाची चाकं त्यात रुतत होती. लाकडी स्लीपर आणि लोखंडी पत्रे सारत तिथून निघायला दोन दिवस लागले. त्या दोन रात्री मी झोपलो नाही. म्हणून क्रॉलरचे व्हिडिओ बघताना माझी नजर रॉकेटवर जातच नाही. तुम्हीही खालचे चार कोपरे बघा, जॅक कसे वरखाली होतात ते.

प्रश्न : आपल्याकडे असं काही आहे का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : आहे, रुळांवर. श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या उड्डाणतळावर 2005 पासून रॉकेट आधी इमारतीत उभं करतात आणि फिरत्या चौथऱ्यावरून सुमारे एक किलोमीटर नेतात. इस्रोचं सगळ्यात जड रॉकेट एलव्हीएम-3, त्याचं उड्डाणावेळचं वजन 640 टन. फ्लोरिडातल्या ओझ्यापेक्षा ते कितीतरी कमी, म्हणून रूळ पुरतात, आणि रूळ असले की पातळी राखणं निम्मं सोपं होतं. पहिल्या तळावर उलटी पद्धत होती. पीएसएलव्ही हे त्याहून लहान रॉकेट जागेवरच जोडायचं आणि उड्डाणाआधी भोवतालचा मनोराच मागे सरकवायचा. आता त्याचंही बरंच काम वेगळ्या इमारतीत होतं. 2024 च्या डिसेंबरात उडालेलं पीएसएलव्ही-सी60 चौथ्या टप्प्यापर्यंत तिथे जोडून मग तळावर आणलं होतं. आणि 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन गेलेलं रॉकेट दुसऱ्या तळावरच्या त्या रुळांवरूनच, उभंच्या उभं, बाहेर आलं होतं.