एकच पान, चार वाचणारे

प्रश्न : आम्ही चौघे मराठी व इतिहास या विषयांत पीएच.डी. करत आहोत. एका मैत्रिणीच्या घरी निजामकाळातील मोडी कागदांची तीन गाठोडी आहेत. डिजिटल मानव्यविद्येच्या (म्हणजे संगणकाच्या मदतीने भाषा-इतिहासाच्या अभ्यासाच्या) दोन कार्यशाळा केल्या, प्रमाणपत्रे मिळाली. गाठोडी मात्र सुटली नाहीत. आधी प्रोग्रामिंग शिकावे काय?
— एक संशोधक, हिंगोली

उत्तर : प्रोग्रामिंग तूर्त बाजूला ठेवा. कागद हाताशी आहेत आणि वाचणारे चौघे आहात, एवढे भांडवल बहुतेक कार्यशाळांकडे नसते. एकच पान किमान ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि चौघांनी एकमेकांना न दाखवता ते देवनागरीत उतरवून काढा. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत, शब्दांत जागा सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत; त्यामुळे चार वाचने जुळणार नाहीत. ते फरक मिटवू नका. सामायिक तक्त्यात मूळ वाचन, आजच्या लेखनातील वाचन, शंका आणि वाचणाऱ्याचे नाव यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवा. ही सवय लागली की टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) ही संगणकावरील संहितेत खुणा घालण्याची १९८७ पासून घडत आलेली पद्धत परकी वाटणार नाही, कारण मुळात काय लिहिले आहे आणि संपादकाने काय मानले आहे, हे तीही वेगवेगळे नोंदवायला लावते.

सनाकडे विशेष लक्ष द्या. कागदावर फसली, म्हणजे निजामी राज्यातील महसुली सन, १३५७ असेल आणि कोणी तोच आकडा इसवी सनाच्या रकान्यात भरला, तर मुक्तिसंग्रामाच्या वर्षातील खरेदीखत थेट चौदाव्या शतकात जाऊन बसेल. ५९० मिळवले की १९४७-४८ येते. मूळ आकडा आणि इसवी सन, दोन्ही ठेवा. उर्दू शिक्के व शेरे आढळल्यास गावातील एखाद्या उर्दू जाणणाऱ्या निवृत्त गुरुजींना पाचवे वाचक करा, आणि त्यांचेही नाव त्याच रकान्यात येऊ द्या.

मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीत, असली, तरी हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रणालीला आधी माणसांनी तपासलेली पुष्कळ पाने लागतात. तुमची पाने तेव्हा उपयोगी पडतील. प्रोग्रामिंगची गरजही तेव्हाच भासेल आणि ते चौघांपैकी एकाला आले तरी पुरेल.

प्रबंध प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे कोणाचे वाचन कोणी वापरायचे, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे. मैत्रिणीच्या घरच्यांची लेखी संमतीही स्कॅनिंगच्या आधीच घ्यावी. जमिनीचे जुने कागद बाहेर पडले की भाऊबंदकी पेटायला वेळ लागत नाही.