होमलोन लवकर फेडायचंय? आधी एवढं करा

भाऊ, घाई चांगलीये, पण हातातली सगळी शिल्लक लोनमध्ये ओतू नका, नवीन माणूस हमखास हेच करतो आणि मग दवाखाना निघाला की पर्सनल लोन, तेही जास्त व्याजानं. सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासकट बाजूला ठेवाच.

- जूनची शाळेची फी, जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची जत्रा, दिवाळी, हे दरवर्षी येणारच, बारानं भागून दरमहा काढून ठेवा.
- जादा पैसे भरताना बँकेत लेखी सांगा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यात व्याजच जास्त असतं, म्हणून आत्ता भरलेले थोडेही खूप कामाला येतात. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर वरखाली होणाऱ्या होमलोनला असं आधी फेडल्याचा दंड नाही.

टॅक्सचं नंतर बघू, या महिन्यात फक्त वहिनींसोबत बसून खर्च लिहा, जमेल तुम्हाला.