नाइट करून आलेल्या सिस्टरला शिकवायचं कसं?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त नर्सिंग ट्यूटरची उत्तरं

प्रश्न : मी १०० खाटांच्या खासगी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. दर महिन्याला स्टाफसाठी इन-सर्व्हिसचा, म्हणजे नोकरीत असलेल्या सिस्टरांना शिकवायचा क्लास घ्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. स्लाइड बनवते, वाचून येते, ४० मिनिटं बोलते. मागच्या रांगेत मोबाइल चालू असतात. गेल्या महिन्यात इन्सुलिनचा विषय होता. माझ्याहून २० वर्षांनी मोठ्या एक सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तू बालवाडीत होतीस तेव्हापासून मी इन्सुलिन देतेय.” बाई वाईट नाहीत, वॉर्डात त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही. पण आता मला क्लासची धास्तीच बसली आहे.

उत्तर : तुमचा क्लास किती वाजता असतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण पैज लावते, सकाळी नऊला, नाइट सुटल्यावर. १२ तास ड्युटी करून, ओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती) देऊन, घरी डबा करायचा बाकी असलेली मुलगी मोबाइल तरी बघतेय. घोरत नाही हे उपकार समजा.

आता त्या ताई. बोलणं फटकळ आहे, पण खोटं नाही. माल्कम नोल्स नावाचा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ प्रौढांच्या शिकण्याबद्दल आयुष्यभर लिहीत राहिला. त्याचं एक म्हणणं मला वॉर्डात रोज पटलं. लहान मुलाला अनुभव येतात, मोठं माणूस म्हणजेच त्याचे अनुभव. ते बाजूला सारून तुम्ही पहिल्या स्लाइडवर ‘इन्सुलिन म्हणजे काय’ लिहिलंत, तर ताईंना वाटणारच की आपल्या इतक्या वर्षांच्या अनुभवावर फुली मारली. त्या तुमच्यावर नाही, त्या स्लाइडवर चिडल्या.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मीही एकदा इन्सुलिनवर दोन तास बोलले होते. प्रकार, असर कधी सुरू होतो, फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायचं, सगळं. शेवटी “काही शंका?” असं विचारलं. कोणालाच नव्हती. मी खूश. पुढच्याच आठवड्यात एका पेशंट बाईंची शुगर रात्री घसरून ४८ वर आली, त्या बेशुद्ध पडल्या. इन्सुलिनची बाटली १०० ची आणि सिरिंज लाल टोपणाची.

नर्सिंगबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट असंही मिळतं आणि १०० युनिट असंही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिलिलिटर जातं, म्हणजे २० नव्हे, ५० युनिट. अडीच पट. उलटी गफलत झाली तर २० च्या जागी ८ च जातात.

शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, दिल्यावर बाई शुद्धीवर आल्या. ज्या मुलीने इंजेक्शन दिलं तिला मी विचारलं, “क्लासला होतीस ना?” म्हणाली, “होते की मॅडम. पण रात्री ट्रेमध्ये तेवढीच सिरिंज होती. स्टोअर बंद.”

माझ्या स्लाइडवर दोन्ही टोपणांचे रंगीत फोटो होते. रात्री दोनचा तो ट्रे मात्र नव्हता.

पुढच्या वेळी मी प्रोजेक्टर लावलाच नाही. दोन्ही प्रकारच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरलं, त्यांवर ठळक अक्षरात ‘फक्त क्लाससाठी’ अशी चिकटपट्टी लावली. दोन्ही सिरिंजची टोपणं काढून त्या एका किडनी ट्रेमध्ये मुद्दाम मिसळून ठेवल्या. सगळ्यांना एवढंच सांगितलं, “ऑर्डर २० युनिटची आहे. भरा आणि इथे ठेवा. नाव लिहायचं नाही.” मग टेबलावर सिरिंज ओळीने लावल्या. सगळ्या २० च्याच रेघेवर भरलेल्या, पण काही अर्ध्या भरलेल्या तर काहींत जेमतेम पाचवा हिस्सा. मी तोंड उघडायच्या आत खोली बोलायला लागली होती. कोणाच्या वॉर्डात कुठली सिरिंज येते, नाइटला उसनं सामान कुठून आणतात, डॉक्टर ऑर्डरमध्ये बाटली लिहीतच नाहीत, सगळं निघालं. त्यातल्याच एका बुजुर्ग सिस्टरने सुचवलं की बाटली आणि तिची सिरिंज एकाच डबीत ठेवू, रबरबँड लावून. अशी युक्ती मला काय सुचणार होती? मी कधी त्या ट्रेजवळ नाइट काढली होती?

तेव्हा तुमच्या ताईंकडे क्लासच्या दोन दिवस आधी चहाच्या वेळी एकट्या जा. “ताई, नव्या मुलींना धडा मिळेल असा तुमच्या ड्युटीतला एखादा फसलेला प्रसंग सांगाल का?” एवढं विचारा. नाही म्हणाल्या तर सोडून द्या. पण सहसा नाही म्हणत नाहीत. आणि मोठ्यांना धाकट्यांसमोर प्रश्न विचारून कधी, कधीही उभं करू नका.

एका बाबतीत मात्र माझं नोल्सच्या भक्तांशी पटत नाही. अनुभव म्हणजे सोनं, असं ते धरून चालतात. अनुभवात हातोटी असते तशी खोडही असते. जुलाबाने सुकलेल्या बाळाची शीर अंधारात सापडवणारा हातच वापरलेल्या सुईला दोन हातांनी परत टोपण लावतो, कारण त्या सिस्टरच्या काळी तसंच शिकवलं होतं. तिथे ‘हे चूक आहे’ म्हणून भागत नाही. “वापरलेली सुई शेवटची स्वतःच्या बोटाला कधी टोचली होती?” विचारा आणि गप्प बसा. त्यानंतरचे रक्त तपासणीचे दिवस कसे गेले ते बाई स्वतःच सांगेल.

खुद्द नोल्सनेही आपलं म्हणणं मवाळ केलं होतं. १९७० साली त्याने आपल्या पुस्तकाच्या नावात ‘प्रौढांचं शिक्षण विरुद्ध मुलांचं शिक्षण’ अशी जोडी लावली. १९८० च्या आवृत्तीत तो ‘विरुद्ध’ गेला. मोठी माणसंही अगदी नव्या गोष्टीसमोर पोरंच असतात. नवीन व्हेंटिलेटर आला तर “तुमचा अनुभव सांगा” करत बसू नका. सरळ दाखवा, हात धरून करून घ्या.

वेळेचं म्हणाल तर ४० मिनिटं नकोत. दुपारी दोनच्या ओव्हरला जोडून १२ मिनिटं घ्या, दोन्ही शिफ्टच्या सिस्टर तेव्हा हजर असतात. नाइटवाल्यांसाठी तोच क्लास रात्री आठला तुम्ही थांबून घ्या. हो, तुम्ही. चार-पाच दिवसांनी कॉरिडॉरमध्ये भेटेल तिला एकच प्रश्न विचारा, “१०० ची बाटली, कुठलं टोपण?” २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. धडा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. वॉर्डात आपल्याला आठवड्यानंतरचंच लागतं.

आणि ते फीडबॅकचे फॉर्म. ‘क्लास आवडला का’ याला मी ३१ वर्षं ‘छान’ हेच उत्तर वाचलं. समोसा असला की ‘खूप छान’. फॉर्म फाइलला लावा. खरं बघायचं असेल तर महिन्याने रात्री वॉर्डात जा आणि ट्रे उघडा.

प्रश्न : वय ५२. रुग्णालयात केस पेपर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं. प्रशिक्षण एक दिवसाचं झालं, डोक्यावरून गेलं. आता माझ्या नोंदी एक २३ वर्षांची मुलगी करून देते. लाज वाटते.

उत्तर : माझी आजी साताऱ्याकडची. आजोबा मुंबईला गिरणीत. मनिऑर्डर आली की तिच्या खालच्या तुकड्यावर आजोबांनी लिहिलेल्या दोन ओळी पोस्टमन मोठ्याने वाचून दाखवायचा, दारात, सगळ्या आळीसमोर. १९५९ साली साताऱ्यात मोठ्यांना लिहा-वाचायला शिकवणारी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हा आजी चाळिशीला आलेली. बाराखडीत तिचं मन रमेना. ती म्हणाली, मला ‘यंदा गणपतीला येतो’ एवढं वाचायला शिकवा. तिथून सुरुवात झाली.

तुम्हीही सगळं सॉफ्टवेअर शिकायला बसू नका. तुमच्या ड्युटीत रोज लागणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहा, समजा टीपीआर (ताप, नाडी, श्वास), दिलेली औषधं, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली). या आठवड्यात फक्त टीपीआर. माउस तुमच्या हातात, त्या मुलीचे हात मागे. ती घाईने “द्या मॅडम, मी करते” म्हणेल, तेव्हा नको म्हणा. बदल्यात तिला शीर शोधायला शिकवा. तिलाही तिच्या जागी लाज वाटत असेलच.

प्रश्न : माझ्याकडे सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याच्या प्रशिक्षणाचं, दोन वर्षांचं कार्ड आहे. ऑनलाइन रिफ्रेशरही झाला, ‘नेक्स्ट’ दाबत गेलो, ९० टक्के मिळाले. तरी इन्चार्ज पुन्हा मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) यायला सांगतात. गरज आहे का? (स्टाफ ब्रदर, आयसीयू)

उत्तर : आहे. कार्ड दोन वर्षं चालतं, हात तेवढा चालत नाही, काही महिन्यांतच उतरायला लागतो. दाब ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० हे तुम्हाला पाठ असणारच. मॅनिकिनवर दोन मिनिटं करा आणि दुसऱ्या मिनिटाला तुमचा दाब किती उथळ होतो ते शेजारच्याला बघायला सांगा. मॅनिकिन स्किल लॅबमध्ये कुलपात असेल तर इन्चार्जना सांगून आयसीयूच्या कोपऱ्यात आणून ठेवा. नाइटला तीन वाजता डोळे मिटायला लागले की उपयोगी पडतं.