नववीतल्या मुलीच्या शाळेची हिमालयात ट्रेकची सहल जाणार आहे. तिला पाठवावं का? शाळेला काय विचारावं?

पाठवा. पण पैसे भरण्याआधी शाळेला एक प्रश्न नक्की विचारा: वाटेत एखाद्या मुलाला परत फिरावं लागलं, तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार?

मी शाळेत भूगोल शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन चार वेळा उत्तराखंडातल्या गढवालला गेले आहे, चारही वेळा देवरिया ताल हे तळं आणि चंद्रशिला हे शिखर यांच्या वाटेवर. तुम्ही ठिकाण लिहिलेलं नाही, म्हणून माझ्या पायाखालच्या वाटेवरूनच सांगते.

ऋषिकेशहून सारी गावापर्यंत पूर्ण दिवस घाटाचा रस्ता आहे, अर्ध्या बसला गाडी लागते. सारी साधारण 2000 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे चढायला सुरुवातही झालेली नसते आणि मुलं महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर पहिली रात्र झोपतात. पुढे देवरिया ताल, मग बांज (ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातून चोपता. शेवटच्या दिवशी तुंगनाथचं देऊळ आणि त्याच्या वर चंद्रशिला, साडेतीन हजार मीटरच्याही वर. पण त्याच दिवशी उतरून झोपायला पुन्हा चोपत्याला, 2700 मीटरच्या आसपास. लहान मुलांसाठी मला ही वाट आवडते ती यासाठीच. दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचावर झोपलात, याचा त्रास जास्त होतो. 3000 मीटरच्या वर मुक्काम असतील तर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढ नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा हवा. शाळेकडून प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून मागा. नुसतं शिखराचं नाव आणि फोटो पुरेसे नाहीत.

उंचीचा त्रास डोकेदुखीने सुरू होतो, जेवण जात नाही, मळमळतं. या वयाची मुलं ते लपवतात, कारण मित्र पुढे जातील आणि आपण मागे राहू, याची त्यांना भीती असते. आमच्यातल्या एका मुलाने तुंगनाथच्या वाटेवर असंच केलं. उलटी झाली तेव्हा कळलं की पहाटेपासून डोकं दुखत होतं. जादा शिक्षक सोबत होते म्हणून ते आणि एक स्थानिक गाईड त्याला लगेच खाली घेऊन गेले. दुपारी आम्ही उतरलो तेव्हा तो खिचडी खात होता. सकाळी त्याच्या ताटातली पोळी तशीच राहिलेली मी पाहिली होती आणि काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून निघण्याआधी मी प्रत्येकाचं ताट बघते. त्रास वाढत असेल तर उतरणं हाच उपाय, आणि त्यासाठी मोकळी मोठी माणसं लागतात. वीस मुलांमागे दोनच शिक्षक असतील तर एका मुलाला उतरवताना बाकीच्यांकडे कोण बघणार?

नदीचा नियमही विचारा. 2014 च्या जूनमध्ये हिमाचलात बियास नदीत फोटो काढायला उतरलेले 24 विद्यार्थी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. माझ्या गटात पाण्यात पाय बुडवायलाही परवानगी नसते. मुलं रुसतात, रुसू देत.

तारखा पावसाळ्यातल्या असतील तर मात्र पाठवू नका. मे महिन्यात चारधाम यात्रेमुळे रस्ते तुंबतात. दिवाळीच्या सुट्टीत आकाश स्वच्छ असतं, देवरिया तालच्या पाण्यात सकाळी चौखंबा शिखराचं प्रतिबिंब दिसतं.

आता गावाबद्दल, कारण मुलं खरी तिथे रमतात. मुक्काम हॉटेलात न ठेवता गावातल्या घरांमध्ये ठेवता येतो का ते विचारा. आमच्या मुलांना सारी गावात चुलीवरची मंडुव्याची रोटी मिळाली आणि एक मुलगी ओरडली, "बाई, ही तर नाचणी!" मंडुवा म्हणजे नाचणीच. गहत म्हणजे आपले कुळीथ, आणि झंगोरा आपल्या वरीचा जवळचा नातेवाईक. कोकणातल्या आजीकडे जे खाताना तोंड वाकडं करायचे, ते इथे दोनदा मागून घेतलं. घरच्या दीदींनी मग मुलींना शेतात नेऊन कणसं दाखवली. चोपत्याहून गोपेश्वरकडे उतरताना मंडल गाव लागतं. 1973 मध्ये तिथल्या लोकांना अवजारांसाठी अंगूची (अ‍ॅश) झाडं सरकारने नाकारली आणि तीच झाडं खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिली. लोकांनी ती तोडू दिली नाहीत, झाडं वाचवण्याचं चिपको आंदोलन तिथून सुरू झालं. पुस्तकातलं वाक्य त्या झाडांखाली उभं राहून वाचलं की मुलं बराच वेळ गप्प होतात.

तुमच्या मुलीपुरतं: दीड महिना आधीपासून रोज तासभर चालणं, जिने चढणं. बूट नवे असतील तर आत्तापासून घालायला लावा. थंडीत आणि उंचीवर पाळी पुढेमागे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी पॅड आणि वापरलेले परत आणायला पिशवी द्या, आणि सोबत बाई असणार आहेत याची खात्री करा. शाळेच्या आरोग्याच्या फॉर्मवर दमा, फिट्स, औषधांची अ‍ॅलर्जी, सगळं खरं लिहा. नाव कापलं जाईल म्हणून पालक दमा लपवतात, आणि मग पंप घरी राहतो.