मराठवाड्यात राहून समुद्रातली कयाक मासेमारी कशी सुरू करावी?

पोहता येत असलं तरी थेट समुद्रात उतरू नका. आधी जवळच्या तलावात कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) मुद्दाम उलटवून पाण्यातूनच परत चढायचं घोटून घ्या. (जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तिथे परवानगी आधी विचारा.) चढताना पाय मारत कयाकवर पोटावर आडवं सरकायचं, नुसता हातांचा जोर लावला की ती पुन्हा उलटते. लाइफ जॅकेट अंगात हवं, कयाकच्या मागे बांधलेलं नको.

मग कोकण. पावसाळा टाळा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्यापेक्षा अष्टमीच्या आसपास जा. पहाटे वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जाताना मजा वाटते, परतताना दम निघतो. किनाऱ्यालगतच राहा, तेही जोडीदारासोबत. वल्हं दोरीने बांधा. आणि तिथले कोळी ‘आज नको’ म्हणाले, तर गळ बाहेर काढूच नका.